आदिग्रामातला एकुलता एक शूद्र

लिहिण्याचा तुझा अधिकार काय, असं कुणी विचारायच्या आधी मीच स्वतःला विचारून घेतो. आमच्या घरात माझ्या आधी कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नाही. घरातलं सगळ्यात मोठं लिखाण म्हणजे वडिलांनी लाकडावर खडूने मारलेल्या खुणा. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला जुन्या इमारती, चित्रं, निदान समुद्रकिनारे तरी कळावे लागतात. मला त्यातलं काही कळत नाही. पण आमच्या हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांनी वार्षिक अंकासाठी निरोप धाडला, "ऑस्ट्रेलियात दोन वर्षं काढून आलास, चार पानं लिही. कांगारू बघितलेच असशील."

कांगारू बघितले. बहुतेक रस्त्याकडेला मरून पडलेले होते. त्यांच्यावर चार पानं होत नाहीत. म्हणून जिथे मी सुट्टीतले अठरा दिवस राहिलो, त्या शेताविषयी लिहितो. मी चुकीचं काही लिहिलं असेल तर वाचकांनी क्षमा करावी. लिहिण्याबद्दल तर आताच मागून घेतो.

हॅरिस पार्क

शेती अवजारांच्या अभ्यासक्रमासाठी मी सिडनीत होतो आणि हॅरिस पार्कमधल्या एका फ्लॅटमध्ये आणखी तिघांबरोबर राहत होतो. तिथून पॅरामॅटा चालत जाता येतं. तिथे डॉक्टर लिमयेकाकांचा दवाखाना होता. काका मूळचे पुण्याचे. महिन्यातून एकदा ते आम्हा मराठी पोरांना घरी जेवायला बोलवायचे. बिरड्याची उसळ, दह्याचं श्रीखंड आणि भारताविषयीची काळजी, असा बेत असायचा.

जूनमध्ये एकदा त्यांनी मला विचारलं, "काय रे, तुमच्या गावात आता काय राहिलंय?"

"आता लाइट आलीय, काका."

"तेच म्हणतोय मी. सगळं गेलं." त्यांनी वाटी पुढे केली. "आणि इथे गोऱ्यांनी बघ. उत्तरेला डोंगरात अख्खं गाव उभं केलंय. आदिग्राम. वीज नाही, ट्रॅक्टर नाही. गाई, बैल, चार वर्ण, सगळं शास्त्राप्रमाणे. आपण टाकलं ते त्यांनी उचललं."

"डॅड, देअर टॉयलेट इज अ होल," त्यांचा चौदा वर्षांचा रोहन म्हणाला.

"निसर्गात आहे, एवढंच," काका म्हणाले.

मी विचारलं, "तुम्ही किती दिवस राहिलात तिथे?"

"राहायला कुठे जमतं? क्लिनिक असतं ना. पण मनाने मी तिथेच असतो."

तिकडे जून-जुलै म्हणजे थंडी, आणि युनिव्हर्सिटीला थंडीची सुट्टी लागत होती. मित्र उत्तरेकडच्या उबदार बीचवर जाणार होते. मला पोहता येत नाही. शिवाय खरं सांगायचं तर दीड वर्षात मी बैल बघितला नव्हता. काकांनी फोन करून माझी व्यवस्था केली. आदिग्रामात वीज नसल्यामुळे फोन कुठे लागला, हे मला नंतर कळलं. फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये फोन, फॅक्स आणि फ्रिज होता. ती शेड गावाच्या सीमेबाहेर धरली जायची.

आदिग्राम, पहिले तीन दिवस

एका लांब दरीत, तिन्ही बाजूंनी निलगिरीच्या झाडांनी वेढलेलं ते शेत होतं. पहाटे गवतावर मिठासारखं दव गोठलेलं असायचं आणि झाडावर एक पक्षी कुणीतरी पडल्यावर हसावं तसा हसायचा. पहिल्या सकाळी मला वाटलं, तो मलाच हसतोय. पुढे शेवटच्या दिवसापर्यंत ते मत बदलायचं काही कारण घडलं नाही.

गावाचे प्रमुख वसिष्ठ. पूर्वी ब्रिस्बेनला ते घरं विकायचे, तेव्हा त्यांचं नाव ग्रॅहम होतं. उंच, गोरे, पांढरं धोतर आणि त्याखाली लोकरीचे मोजे. नव्या माणसाला ते चाळीस प्रश्नांचा एक फॉर्म भरायला देत. तुम्हाला नेतृत्व आवडतं का, रागाने बोलता का, स्वप्नात काय दिसतं, असले प्रश्न. उत्तरांवरून वर्ण ठरायचा. वर्ण जन्मावर नाही, गुणांवर, हे ते पुनःपुन्हा सांगत, आणि मला ते फार पटलं. गावात तीस माणसं होती. गुण तपासल्यावर त्यांत एकोणीस ब्राह्मण, सात क्षत्रिय आणि तीन वैश्य निघाले होते. क्षत्रिय फाटकावर आळीपाळीने बसत. तिथून दिवसाला पोस्टमन आणि एखादा चुकलेला पर्यटक जाई.

उरलेला एक शूद्र होता. त्याच्याविषयी पुढे लिहितो, कारण गावातलं काम तोच करायचा.

मी फॉर्म मागितला तर वसिष्ठ हसले. "तुला कशाला? तू तर मूळ ठिकाणाहूनच आलास." आणि त्यांनी वहीत माझ्या नावापुढे ब्राह्मण लिहून टाकलं.

माझं आडनाव सुतार आहे. आमच्याकडे आडनाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न लागत नाही. तिथे आडनावाला फक्त स्पेलिंग असतं. समुद्र ओलांडला की जात जाते, असं आमच्या गावचे म्हातारे सांगायचे. माझी तर चढली. मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. मग राहून गेलं.

जेवण दोन्ही वेळा खिचडी. तिच्यात हळद इतकी की दुसऱ्या दिवशी माझी नखं पिवळी झाली. स्वयंपाक अन्नपूर्णा करायची. ती पूर्वी शाळेत शिकवायची आणि ताटात उरलेलं तिला अजूनही खपत नसे. आधी ब्राह्मणांची पंगत, मग क्षत्रिय, मग वैश्य. पहिल्या पंगतीत खिचडी वाफाळती असायची. शेवटच्या माणसाला ती कापून खावी लागत असेल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझं भाषण ठेवलं. विषय, 'भारतीय गावाची आदर्श रचना'. मला भाषणाची सवय नाही. मी जे बघितलं ते सांगितलं. आमच्याकडे सुताराला मजुरी नसायची, तो वर्षभर सगळ्यांचे नांगर, कुळव दुरुस्त करायचा आणि सुगीला प्रत्येक शेतकरी त्याला खळ्यावर धान्य द्यायचा, त्याला बलुतं म्हणतात.

"करार नाही, बिल नाही. फक्त विश्वास," वसिष्ठ म्हणाले, आणि त्यांनी ते लिहून घेतलं. लोकांनी डोळे मिटून माना हलवल्या.

तो सुतार खळ्यावर रिकामं पोतं घेऊन दुपारपर्यंत उभा राहायचा, आणि मालकाची मर्जी झाली की खालचं, माती लागलेलं धान्य त्याला मिळायचं, हे सांगायचं राहिलं. तो सुतार माझे वडील, हेही राहिलं. कुणी विचारलं नाही, असं कारण मी स्वतःला दिलं. कारण चांगलं होतं. पण त्या रात्री झोप नीट लागली नाही.

चौथा दिवस, गोठ्याकडे

भाषणाच्या वेळी एक माणूस दाराबाहेर उभा होता. पन्नाशीचा, रुंद, उन्हाने नाक सोललेलं, डोक्यावर वाटोळी टोपी. सकाळी मी गोठ्याकडे गेलो तर तोच बैलांना खरारा करत होता.

"तो सुतार," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "पावसानं पीक गेलं, की त्याला काय मिळायचं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"वाटलंच मला."

हा ट्रेव्हर. गावाने त्याला नंद असं नाव दिलं होतं, पण त्या नावाने हाक मारली की तो मागे कोण आहे ते बघायचा. अकरा वर्षांपूर्वी तो कुंपण घालायला आला आणि राहिला. फॉर्ममध्ये 'स्वप्नात काय दिसतं' याच्यापुढे त्याने 'दमलेला असतो' असं लिहिलं होतं. त्यावरून त्याचा वर्ण ठरला.

बैलांची जोडी त्याने वासरांपासून वाढवलेली. राखी रंगाचे, वशिंडाचे, आमच्या खिल्लारांपेक्षा वीतभर उंच. वहीत त्यांची नावं धर्म आणि सत्य. ते ओ द्यायचे ब्लू आणि डस्टी या नावांना. त्या देशात वशिंड असलेल्या या जातीच्या जनावरांना ब्राह्मण म्हणतात, हे खरोखर तिथल्या पशुपालकांचं नाव आहे, मी बनवलेलं नाही. तर आदिग्रामात अंग मोडून काम करणारे ब्राह्मण हे दोनच.

"बघून घे त्यांना," ट्रेव्हर म्हणाला. "पुढच्या आठवड्यानंतर असतीलच असं नाही."

मग त्याने सांगितलं. नदीकडचा तीन एकरांचा तुकडा बैलांनी नांगरायचा, असं दोन वर्षं ठरत होतं आणि दोन वर्षं नांगर जमिनीत जात नव्हता. वैश्यांनी मांडलं होतं की आता ट्रॅक्टर घ्यावा आणि जोडी कुणाला तरी देऊन टाकावी. वसिष्ठांनी शेवटची मुदत दिली होती. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत नांगरट, रविवारी सभा.

"तू सभेत सांग ना."

"मी? मला सभेत बसता येत नाही, मेट. बोलायचं वरच्या तिघांनी, मत ब्राह्मणांचं. मी दाराशी उभा राहतो, कुणाला पाणी लागलं तर."

"जोडी गेली तर तू काय करणार?"

त्याने डस्टीच्या पाठीवर हात ठेवला. "बायको नाही, घर नाही, मुलं नाहीत. मला येतं ते एवढंच. आणि यांना उठवायचं कसं, ते फक्त मला माहीत आहे."

पुढचे काही दिवस

नांगर बघितला आणि मला घरच्या माणसाला परमुलखात फसवलं गेलेलं बघावं तसं वाटलं. भारतातून जहाजाने आणलेला, फाळाला वार्निश, रुमण्यावर, म्हणजे हातात धरायच्या दांड्यावर, मोर कोरलेला. बहुधा एखाद्या मोठ्या हॉटेलच्या दालनात ठेवायला केलेला असावा. विकणाऱ्याने तो प्राचीन आहे असं लिहून दिलं होतं. वर्ष मात्र लिहिलं नव्हतं.

आम्ही तो जुंपून बघितला. वसिष्ठांच्या नियमाप्रमाणे बैलांना संस्कृतात सांगायचं होतं. एक ब्राह्मण पोथी धरून "गच्छतम्, गच्छतम्" म्हणत पुढे चालला. बैल त्याच्याकडे आदराने बघत उभे राहिले. मग ट्रेव्हर हळूच "चला, पोरांनो" एवढंच म्हणाला आणि जोडी निघाली. नांगर मागून गवतावरून घसरत गेला, जसा एखादा पाहुणा घरात येतो आणि कशालाही हात न लावता जातो.

दोष मला लगेच दिसला. जमिनीवर उकिडवं बसून बाजूने बघितलं की दिसतोच. बैल उंच, म्हणून जू उंच, म्हणून हाळीस, म्हणजे जुवापर्यंत जाणारा लांब दांडा, पुढून उचलली जाते आणि फाळाचं टोक जमीन सोडून आकाशाकडे वळतं. वडील अशा वेळी फाळ बसवलेलं खोड आणि हाळीस यांच्या सांध्यात पाचर ठोकून फाळ खाली वळवायचे. पाचर कुठल्या बाजूने, किती जाड, याचं शिक्षण कुठल्या विद्यापीठात मिळत नाही. मी दोन विद्यापीठांत शोधलं आहे.

"याला दुरुस्त करता येईल," मी म्हणालो. "वाकस आहे का? लाकूड तासायचं हत्यार?"

ट्रेव्हरने एक गंजलेलं हत्यार आणलं आणि वॉटल नावाच्या झाडाचा वाळका ओंडका. ते झाड आमच्या बाभळीच्याच कुळातलं. पहिला घाव घातला आणि लाकडाचा तो आंबूस वास आला. मी घरी पत्र लिहिलं नव्हतं चार महिने. ते आठवलं.

तीन पाचरी फुकट गेल्या. चौथी जास्त जाड झाली, फाळ इतका रुतला की डस्टी गुडघ्यावर आला. ट्रेव्हरने बैलाचा गुडघा चोळला, त्याची समजूत काढली आणि मग म्हणाला, "एवढा नको, मेट. आम्हाला शेत नांगरायचंय, विहीर नाही."

पाचव्या पाचरीला नांगर धरला. नांगराची एक ओळ सरळ पडली, काळी माती उलटत गेली. ट्रेव्हर रुमणं धरून शेवटपर्यंत गेला आणि तिथे टोपी काढून उभा राहिला. पोथीवाला ब्राह्मण म्हणाला की मंत्राचा परिणाम उशिरा होतो.

मी लाकूड तासताना वसिष्ठांनी बघितलं होतं. आता माझा वर्ण उतरणार, असं मला वाटलं. पण ते बाकीच्यांना हळू आवाजात म्हणाले, "बघा. खऱ्या ब्राह्मणाला कुठल्याही कामाचा कमीपणा नसतो."

रविवार

शनिवारी अंधार पडायच्या आत तीनही एकर झाले. रविवारी लिमयेकाका रोहनला घेऊन गाडीने आले. दोघांनी रात्र वाटेत मोटेलमध्ये काढली होती. काकांनी ढेकूळ उचलून कपाळाला लावलं, मग रुमालाने कपाळ पुसलं. रोहन म्हणाला, "स्मेल्स लाइक पू," आणि गाडीत जाऊन बसला.

सभेला मला वसिष्ठांच्या उजवीकडे बसवलं. दाराशी ट्रेव्हर, हातात पाण्याचा तांब्या. एक वैश्य उठला आणि म्हणाला, नांगरट सुंदर झाली, पण आठवडा लागला, आणि अतिथी गेल्यावर नांगर कोण सांभाळणार? ट्रॅक्टरच बरा. बऱ्याच माना हलल्या. ट्रेव्हर तांब्याच्या काठाकडे बघत होता.

"आपले अतिथी काय म्हणतात?" वसिष्ठांनी विचारलं.

मी उठलो. इथे मी सांगू शकलो असतो की मी कोण. सांगितलं असतं तर माझ्या बोलण्याची किंमत ट्रेव्हरच्या बोलण्याएवढी झाली असती, म्हणजे पाण्याच्या तांब्याएवढी. तेव्हा मी ब्राह्मण राहूनच बोललो. ते पाप असेल तर माझ्या नावावर धरावं.

मी म्हणालो, "पाचर कशी ठोकायची ते मी ट्रेव्हरला शिकवलंय. नांगर तो सांभाळेल. बैलांविषयी या खोलीत सगळ्यात जास्त त्यालाच कळतं, आणि तो दाराबाहेर उभा आहे. त्याला आत बसवा, मत द्या. मग ठरवा."

"मत ब्राह्मणांनाच असतं," वसिष्ठ म्हणाले. वाईट भावनेने नाही. नियम सांगावा तसं.

"मग त्याला ब्राह्मण करा. तुम्हीच म्हणता, वर्ण गुणावर ठरतो. अकरा वर्षं सहन करणं, खोटं न बोलणं, जनावरांवर दया, हे गुण कुठल्या वर्णाचे?" आणि वजन यावं म्हणून मी आठवीत पाठ केलेला एक संस्कृत श्लोक म्हटला. त्याचा विषय पाहुण्याला पाणी देण्याचा होता. पण तो कुणाला कळला नाही, आणि त्याचा परिणाम मोठा झाला. अन्नपूर्णेच्या डोळ्यांत पाणी आलं.

एकमताने ठरलं. ट्रेव्हरची मुंज पौर्णिमेला, तोपर्यंत जोडीचा निर्णय पुढे. ट्रेव्हरने तांब्या खाली ठेवला आणि मला विचारलं, "म्हणजे मला आता बसायला मिळणार?"

"बसायला आणि बोलायला."

"आणि जेवण गरम?"

"हो."

तो हसला. त्याचा एक दात नव्हता, ते मला अठरा दिवसांत पहिल्यांदा दिसलं. त्याने माझा हात इतका जोरात दाबला की सिडनीला जाईपर्यंत बोटं दुखत होती.

गाडीत काका म्हणाले, "चांगलं बोललास. सुताराचा पोर आणि काय ब्राह्मण शोभलास." त्यांना ते कौतुक वाटत होतं. मलाही त्या दिवशी तसंच वाटलं. आयुष्यात प्रथमच माझ्या बोलण्याने कुणाचं तरी भलं झालं होतं. हजारो वर्षांचा प्रश्न आपण एका दुपारी सोडवला, असं मनात धरून मी झोपी गेलो.

घरी

डिसेंबरात अभ्यासक्रम संपला आणि मी गावी परत आलो. ट्रेव्हरला दोन पत्रं टाकली होती, उत्तर नव्हतं. उत्तर आलं ते मागच्या महिन्यात. त्याने ते हॅरिस पार्कच्या पत्त्यावर पाठवलेलं, तिथे ते फ्लॅटमधल्या मित्राच्या पुस्तकांखाली पडून राहिलं, आणि मग त्या मित्राने ते बोटीच्या टपालाने पुढे धाडलं. अक्षर मोठं, शाळकरी. मराठीत देतो.

'मुंज झाली. डोकं फार गार पडतं. मी सभेत बसतो, पहिल्या पंगतीत जेवतो, खिचडी गरम असते. जोडी द्यायची नाही, असं मी पहिल्याच सभेत बोललो आणि सगळ्यांनी ऐकलं. त्याबद्दल तुझे आभार.

'मग वसिष्ठांना एका जुन्या ग्रंथात सापडलं की ब्राह्मणाने नांगर धरायचा नाही. फाळाखाली जीव मरतात म्हणून. मी म्हणालो, मला परत शूद्र करा. ते म्हणाले, गुण असे मागे देता येत नाहीत. दुसरं कुणी नांगर धरायला तयार नाही, कारण आता गावात शूद्र कुणीच उरलेला नाही. म्हणून ट्रॅक्टर आला. तुला हा नियम माहीत नव्हता, असं धरून चालतो.'

मला माहीत होता. आमच्या गावच्या जोशीबुवांनी सत्तर वर्षांत एकदाही रुमण्याला हात लावला नाही, त्यांची जमीन दुसरेच नांगरायचे. त्यांचा नांगर वडील दुरुस्त करायचे आणि मी पाचरी धरून शेजारी बसायचो. हे सगळं डोळ्यांनी बघितलेलं, पण त्या सभेत माझ्या मनात एकदाही आलं नाही. मी इतका चांगला बोलत होतो.

पत्राचा शेवट असा आहे:

'शनिवारी ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी मंत्र म्हणायला मला बोलावतात. मी म्हणतो. ब्लू आणि डस्टी बरे आहेत, जाड झालेत. सकाळी मी आंघोळ करून निघालो की कुंपणापाशी येऊन मान खाली घालून उभे राहतात, जू ठेवायला. त्यांना काय सांगायचं, ते तुझ्या संस्कृतात कुठे असेल तर कळव.'